एका अभंगाची दोन रेकॉर्डिंग: कर्वेनगरच्या भजनी मंडळाचं प्रकरण

२०२३च्या मे महिन्यात काकूचा फोन आला, म्हणाली, "अरे, आषाढीच्या आधी आमचा एक अभंग ऑनलाइन टाकता येईल का, हल्ली सगळीच मंडळं टाकतात." काकू कर्वेनगरात राहते, तिचं बायकांचं भजनी मंडळ आहे, अकरा जणी, वीसेक वर्षं झाली दर सोमवारी संध्याकाळी देवळात बसतात. मी घरातल्याच एका दहा बाय बाराच्या खोलीत रेकॉर्डिंगचं काम करतो, जास्त करून जाहिराती आणि व्हॉइसओव्हर, अधूनमधून कोणाचं गाणं. तेव्हा पहिल्यांदाच घरच्या माणसांचं काम करणार होतो आणि मला ते एकदम प्रोफेशनल करून दाखवायचं होतं. त्यातून जे झालं ते सविस्तर लिहितोय, कारण आजकालचं संगीत असं निर्जीव का झालंय यावर बोलताना लोक एक तर एमपीथ्रीला शिव्या देतात नाहीतर ऑटोट्यूनला, आणि या एका अभंगात मला ती गोष्ट जरा वेगळीच दिसली.

आधी मंडळ हा अभंग कसं गातं ते सांगतो. तुकोबांचा अभंग, चाल भीमपलासच्या अंगाची, काकूचा सूर काळी चार. सुरुवातीला काकू एकटीच धृवपद म्हणते, ठेक्याशिवाय, मोकळं. मग पखवाज येतो ठाय म्हणजे संथ लयीत, एकेक चरण दोनदा तीनदा होतो, मागून सगळ्या उचलतात, लय कधी चढली ते कळत नाही, आणि शेवटच्या चरणाला टाळ असे काही वाजतात की शेजारच्याशी बोलता येत नाही, मग जयघोष. सोमवारी मी मोबाईलवर घेतलेली क्लिप होती, ती नऊ मिनिटं चाळीस सेकंदांची. सुरुवातीला लय मिनिटाला साधारण ७२ ठोके, शेवटी ११८.

आता मी काय केलं ते. खोली लहान, अकरा जणी एकदम बसूच शकत नाहीत, म्हणून तिघी तिघींना बोलावलं, कानाला हेडफोन लावले आणि त्यात क्लिक, म्हणजे लय धरायला ठरावीक अंतराने वाजणारी टिकटिक, लावला, मिनिटाला ९६ ठोक्यांवर फिक्स. टाळ गाण्याच्या माइकमध्ये घुसतात म्हणून टाळ घेऊ नका सांगितलं, नंतर टाळांचे सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेले आवाज, लावले. पखवाजाचा लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारा तयार तुकडा, घेतला माझ्याकडच्या लायब्ररीतून, खाली कीबोर्डचा एक लांब सूर भरला. मंडळाचे पखवाजवाले काका आले होते, घुमारा येण्यासाठी एका बाजूला नीट कणीक लावून वाद्य तयार करून आले होते, त्यांना मी फक्त दोन ठिकाणी तुकडे वाजवायला लावले आणि वीस मिनिटांत मोकळं केलं. ते काही बोलले नाहीत पण चहासुद्धा न घेता गेले, ते मला आजही लागतं.

काकूची मोकळी सुरुवात काढून टाकली, थेट कोरस, सातव्या सेकंदाला ठेका चालू. जयघोष काढला. सगळ्यांच्या आवाजावर पिच करेक्शन, म्हणजे सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर, चालवलं, ओळींची सुरुवात आणि श्वास सरळ रेषेत आणले, आणि शेवटी लिमिटरने आवाजाचे उंचवटे दाबून एकूण आवाज वजा ८ एलयूएफएसपर्यंत नेला (हे आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं). गाणं दोन मिनिटं बावन्न सेकंदांचं झालं. मला तेव्हा फार चांगलं वाटत होतं, खरंच.

का केलं असं? कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यात जे होतं ते एवढंच की स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं तरच ते एक स्ट्रीम म्हणून मोजतात, एकोणतिसाव्या सेकंदाला माणूस पुढे गेला तर तुमचं गाणं वाजलंच नाही. आणि तीन मिनिटांचं गाणं काय, नऊ मिनिटांचं काय, मोजणी एकच. मग हिशोब सरळ होतो की सुरुवातीला काहीतरी पटकन आलं पाहिजे आणि गाणं लवकर संपलं पाहिजे. काकूचं मोकळं धृवपद एक मिनिट दहा सेकंदांचं होतं, तेवढ्यात माणूस पळून जाईल अशी भीती मला वाटली. कोण माणूस, ते मी ठरवलंच नव्हतं.

गाणं गाणी वेगवेगळ्या अॅपवर पोचवणाऱ्या एका डिस्ट्रिब्युटरमार्फत सगळीकडे गेलं. पहिले तीन आठवडे ते मंडळाच्या नावाशी मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच कोणाच्या तरी पानावर दिसत होतं, चार ईमेल केल्यावर सरळ झालं, तोपर्यंत आषाढी होऊन गेली होती. वर्षभरात ६४० स्ट्रीम झाले. त्यातले कितीतरी आमच्याच नात्यातले. मधे २०२४ सालापासून स्पॉटिफायचा नियम आला की आधीच्या बारा महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या ट्रॅकला पैसेच नाहीत, म्हणजे तिथले पैसेही बंद. पैशांसाठी कोणी केलंच नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

पण मला जे लागलं ते काकूचं बोलणं. तिने गाणं दोनदा ऐकलं, मोबाईल खाली ठेवला आणि म्हणाली, "छान झालंय रे, स्वच्छ आहे अगदी. पण हे आम्ही गायलोय असं वाटत नाही."

मग मी बसून शोधायला लागलो की नक्की कुठे गेलं.

पहिला संशय अर्थातच फाइलवर. स्टुडिओतली मूळ, आकार लहान न केलेली वेव फाइल, त्याचीच ३२० केबीपीएसची एमपीथ्री आणि व्हॉट्सअॅपवरून फिरून फिरून आलेली एक कॉपी, अशा तीन गोष्टी नावं लपवून काकूला, मंडळातल्या दोघींना आणि स्वतःला ऐकवल्या, चांगल्या हेडफोनवर. वेव आणि ३२० यात आम्हाला चौघांनाही फरक सांगता आला नाही, अंदाज लावत होतो नुसता. व्हॉट्सअॅपवाली मात्र लगेच पकडली, तीही टाळावर. एमपीथ्रीसारखं फाइल लहान करणारं तंत्र कान जे झाकून टाकतो ते काढून टाकतं, म्हणजे मोठ्या आवाजाच्या सावलीत लपलेले बारीक आवाज, आणि हे ते छोट्या छोट्या तुकड्यांत करतं. टाळासारखा अचानक येणारा टणत्कार एका तुकड्याच्या मध्येच आला, आणि बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला ठेवलेली माहिती, कमी असेल, की त्याच्या आधीच थोडी खरखर पसरते, मग टाळ टाळ राहत नाही, कोणीतरी पत्र्यावर वाळू ओततंय असं वाटतं. भजन या गोष्टीला म्हणूनच फार नाजूक आहे. पण काकूने ऐकलं होतं ते चांगल्या फाइलवर. तिची तक्रार तिथली नव्हती.

दुसरा संशय गाणं लहान करण्यावर. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, अरे, तबकडीच्या काळात तरी कुठे जास्त वेळ होता. बरोबर आहे. ७८ आरपीएमची दहा इंची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, १९०२ साली कलकत्त्यात गौहर जाननी पहिल्या रेकॉर्डिंगला गायलं ते तेवढ्यातच, अब्दुल करीम खाँसाहेब, हिराबाई बडोदेकर, सगळ्यांनी तेवढ्यातच अख्खा राग उभा केला आणि ते आज शंभर वर्षांनी ऐकताना अंगावर काटा येतो, खरखरीसकट. मग एलपी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, मग कॅसेट, बाबा अलूरकर म्युझिक हाऊसमधून शास्त्रीयच्या कॅसेट आणायचे, त्यात एकेक राग निवांत बाजूभर चालायचा. मग १९८२ला सीडी, ७४ मिनिटं. म्हणजे कमी वेळ हा काही आजचा रोग नाही, उलट आज वेळेचं बंधनच नाहीये कुठलं, मी तो अभंग चाळीस मिनिटांचा टाकला असता तरी कोणी अडवलं नसतं. तबकडीवर गाणाऱ्याला माहीत होतं की तीन मिनिटं आहेत, तो ती तीन मिनिटं स्वतः रचायचा, आणि ज्याने पैसे देऊन ती तबकडी घरी नेली तो ती शेवटपर्यंत ऐकणारच होता. आकाशवाणी पुणे केंद्रावरून १९५५-५६मध्ये गीतरामायण वर्षभर दर आठवड्याला लागायचं, ५६ गीतं, आमची आजी सांगायची की त्या वेळेला लोक रेडिओजवळ आधीच येऊन बसलेले असायचे. गदिमा आणि बाबूजींना ऐकणारा उठून जाईल ही धास्ती घेऊन पहिलं कडवं रचायची गरज नव्हती. मी मात्र काकूच्या अभंगातून एक मिनिट दहा सेकंद कापले ते जागा नव्हती म्हणून नाही, भीतीने कापले. माझ्या मते तिथेच गाणं गेलं. फाइल बनायच्या कितीतरी आधी.

बाकीचंही पाहिलं तर असंच निघालं. पिच करेक्शन घ्या. ऑटोट्यून आलं १९९७ साली, बनवणारा माणूस त्याआधी तेल शोधायच्या कामात भूकंपलहरींचं गणित करायचा, तेच गणित त्याने आवाजाला लावलं. ते बारा स्वरांचे खण धरून चालतं आणि आवाज ज्या खणाच्या जवळ असेल तिकडे त्याला ओढतं. भीमपलासातला कोमल गंधार मात्र खणात बसतच नाही, तो मध्यमाला शिवून येतो, मध्यमाचा तो कण म्हणजेच तो गंधार. काकूच्या आवाजाचा आलेख स्क्रीनवर बघितला तर तिथे एक उतरती रेघ होती, सॉफ्टवेअरने तिची पायरी केली. आधी मध्यम, मग टक्कन गंधार. दोन्ही स्वर अचूक, पण मधला रस्ता गायब. यावर कोणी म्हणेल की पेटीवर तरी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कुठे निघते, पेटीचेही खणच आहेत, आणि ते खरंच आहे, त्याच कारणांनी आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती. पण पेटी शेजारी वाजत असते, गळ्याच्या आत जात नाही. काकू पेटीबरोबर गाते तरी मधून घसरत येते आणि पेटीवालीही तिथे हात जरा हलका ठेवते.

आता आवाजाचं. मी वजा ८पर्यंत दाबलं होतं ते बाकीच्या गाण्यांच्या बरोबरीने मोठं वाजावं म्हणून. सीडीच्या काळात सगळे हेच करत होते, जो मोठा वाजतो तो पहिल्या कानाला बरा वाटतो, म्हणून प्रत्येक जण मागच्यापेक्षा मोठा. पण आता स्पॉटिफाय, यूट्यूब हे मोठं गाणं स्वतःच साधारण वजा १४पर्यंत खाली आणतात, म्हणजे माझी सहा डेसिबलची मेहनत त्यांनी सरळ उतरवून टाकली आणि दाबून सपाट झालेले टाळ तेवढे माझ्याकडे राहिले. मोबाईलवरची सोमवारची क्लिप आणि माझं गाणं दोन्ही सारख्या आवाजावर आणून लागोपाठ लावलं, तर त्या क्लिपमध्ये पंखा होता, चपलांचा आवाज होता, एक बाळ रडत होतं, तरी टाळ पडला की जागा उजळत होती. माझ्यात नाही.

आणि लय. ९६ म्हणजे ९६, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अभंगात चढायला काही उरलंच नव्हतं. शिवाय तिघी तिघी वेगवेगळ्या दिवशी गायलेल्या, त्यांनी एकमेकींचा आवाज हेडफोनमध्ये ऐकला पण एकमेकींकडे बघितलं नाही. मंडळात लय चढते ती पखवाजवाले काका काकूच्या मानेकडे बघून चढवतात, ते मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांच्या घरी गेलो होतो मी, धनकवडीला. म्हटलं, "काका, चुकलं माझं, तुम्हाला नीट वाजवू दिलं नाही." ते म्हणाले, "तुमचं चुकलं नाही हो, तुमच्या खोलीत आम्ही मावत नव्हतो."

तेच खरं कारण असावं कदाचित. स्वस्त इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) आणि एक माइक यांनी मला घरात स्टुडिओ दिला, नाहीतर मंडळाच्या १८ हजारांच्या बजेटात मोठ्या स्टुडिओचा एक दिवसही निघाला नसता, हा उपकारच आहे. पण लहान खोली आली की माणसं एकेक करून येतात, एकेक करून आली की क्लिक लागतो, क्लिक लागला की लूप बसतो, लूप बसला की सूरही सरळ करावासा वाटतो. प्रत्येक पायरी मागच्या पायरीमुळे आली, एकाही वेळी मी थांबून विचारलं नाही.

दुसरं रेकॉर्डिंग २०२४च्या फेब्रुवारीत केलं. थंडी होती म्हणजे पंखे लागणार नव्हते. देवळाचा सभामंडप पहाटे साडेपाचला उघडून घेतला, रिक्षा-बस सुरू व्हायच्या आधी. अकरा जणी नेहमीसारख्या अर्धगोलात, समोर दोन माइकची जोडी साधारण सहा फुटांवर, पखवाजाला एक वेगळा, बस. टाळवाल्या दोघींना मागच्या ओळीत आणि जरा बाजूला बसवलं, मिक्सिंगमध्ये जे करायचं ते सतरंजीवर केलं. हेडफोन नाही, क्लिक नाही. तीन वेळा पूर्ण गायल्या, दुसरा टेक घेतला, नऊ मिनिटं वीस सेकंद. तिसऱ्या चरणात एकीचा आवाज उतरलाय आणि सातव्या मिनिटाला बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करतंय, दोन्ही ठेवलं. ती उतरलेली मावशी फार नाराज होती, म्हणाली, "तुझ्याकडे मशीन आहे ना, माझं तेवढं वर कर." मी तिला तेवढी ओळ दुरुस्त करून ऐकवली आणि मूळचीही ऐकवली, ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "राहू दे, बाकीच्या सांभाळून घेतायत मला." खरंच तिथे ऐकलं तर काकू आणि शेजारची तिला आवाजाने वर धरतात, ते दुरुस्त केल्यावर कशाला कोणी कोणाला धरतंय ते कळतच नव्हतं.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे शेवटचा हात फिरवताना, आवाज वजा १६च्या आसपास सोडला. एकच तडजोड केली, ती पखवाजासाठी. मोबाईलच्या स्पीकरमधून खालचा आवाज निघतच नाही, कणकेच्या बाजूचा घुमारा पूर्ण जातो, आणि यातल्या निम्म्या बायका आणि त्यांचे नातेवाईक मोबाईलच्याच स्पीकरवर ऐकणार हे उघड होतं. म्हणून त्या घुमाऱ्याचे वरचे स्वरांश थोडे वाढवले, त्याने कान खालचा आवाज आहे असं धरून चालतो. काकांना मोबाईलवर ऐकवलं तेव्हा म्हणाले ठीक आहे, घरच्या स्पीकरवर ऐकवलं तेव्हा म्हणाले, "इथे जरा चिरकतंय." दोन्ही खरं होतं. मला त्याच्यावर अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.

आता निकाल. दुसऱ्याचे स्ट्रीम पहिल्यापेक्षा कमी आहेत, सहा महिन्यांत दोनशेच्याही खाली. नऊ मिनिटांची गोष्ट कोणत्याच प्लेलिस्टमध्ये बसत नाही. यूट्यूबवर जरा बरं चाललं, आणि तिथे आलेख बघितला तर जे पहिलं मिनिट थांबले त्यातले बरेच जण शेवटपर्यंत थांबलेत, म्हणजे ज्या मोकळ्या धृवपदाची मला भीती वाटली होती ते येणाऱ्याला गाळत होतं आणि राहणाऱ्याला बसवत होतं. खरं वाटप मात्र तिसऱ्याच मार्गाने झालं. काकूने पेनड्राइव्ह मागितले. चाळीस पेनड्राइव्हवर वेव फाइल भरून दिली, त्या घरी आणि गाडीत लागतात, आणि वारीच्या वेळी पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या तेव्हा भवानी पेठेत एका दिंडीच्या टेम्पोवर तोच अभंग लागलेला काकूने स्वतः ऐकला, कोणी दिला माहीत नाही. त्या रात्री तिने मला फोन करून टेम्पोवरचा आवाज ऐकवला, फोनमधून काहीही कळत नव्हतं, नुसता गोंगाट, ती मात्र बोलत होती, "ऐकतोयस ना, आता लय चढेल बघ."

एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, मंडळातल्या एका आजींना अजूनही पहिलंच आवडतं. त्यांची नात त्यावर शाळेत नाचली, पावणेतीन मिनिटं म्हणजे गॅदरिंगला अगदी बरोबर. त्यांना मी काय सांगणार, ते गाणं त्या मुलीचं झालंय आता. म्हणून पहिलं काढून टाकलेलं नाही, दोन्ही आहेत.

मागच्या महिन्यात काकूने विचारलं की रूपाच्या अभंगापासून पूर्ण पंचपदी, म्हणजे ठरलेल्या क्रमाने पाठोपाठ म्हणायचे अभंग, करायची का, सलग, न थांबता. पाऊण तास तरी होईल. मी लगेच हो म्हटलं. पखवाजवाले काका म्हणाले, पावसाळ्यात पुडी, म्हणजे पखवाजाचं कातडं, उतरते, सूर धरत नाही, थंडीपर्यंत थांबू. सभामंडपाची डिसेंबरातली पहाट मागून ठेवली आहे, आणि मंडळ सध्या सोमवारी मुद्दाम घड्याळ न लावता म्हणतंय.